'असावा' आणि 'असता': कोकणीचं व्याकरण लिहिणाऱ्या इंग्रज फादरची गोष्ट

इटालियन शिकणारे एका ठिकाणी हमखास अडकतात. 'तो आजारी आहे' याला क्रियापदाचं एक रूप. पण 'मला वाटतं' जोडलं की रूप बदलतं. खात्रीचं रूप वेगळं, शंका आणि इच्छेचं वेगळं. याला तिकडे 'कोंजुंतीवो' म्हणतात. तसं पाहिलं तर आपणही 'आजारी आहे' आणि 'आजारी असावा' यात रोज फरक करतोच की!

हा गुंता दोन्ही बाजूंनी पाहिलेला एक माणूस चारशे वर्षांपूर्वी गोव्यात राहायचा. त्याचं नाव फादर थॉमस स्टीफन्स.

जन्म 1549 च्या सुमाराचा, इंग्लंडमधल्या विल्टशरचा. तिथे कॅथलिकांना दिवस वाईट होते. स्टीफन्स रोमला गेले आणि 1575 मध्ये जेझुइट झाले. 1579 मध्ये लिस्बनहून जहाज पकडून ते ऑक्टोबरात गोव्याला पोहोचले. पुढची चाळीस वर्षं, म्हणजे 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांचा मुक्काम मुख्यतः साष्टीत होता.

तो काळ सोपा नव्हता. साष्टीतली देवळं पाडली गेली होती, लोक खवळलेले होते. 1583 मध्ये कुंकळ्ळीत गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं. त्यात अकबराच्या दरबारात राहून आलेले इटालियन फादर रुदोल्फो आक्वाविवाही होते. हे मृतदेह मिळवून आणण्याचं काम स्टीफन्स यांनी केलं. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं. विल्यम जोन्स यांनी हेच मांडलं ते जवळजवळ दोनशे वर्षांनी.

त्यांचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवी, लिपी मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. हेतू धर्मप्रसाराचा होता, यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यासाठी त्यांनी लोकांची भाषा मुळापासून शिकून घेतली.

व्याकरणाचा ग्रंथ याच कष्टातून आला. साचा लॅटिनचा, भाषा कोकणी. इथेच खरी अडचण होती. लॅटिनमध्ये शंका, इच्छा, 'असं झालं असतं तर' हे बरंचसं एकाच क्रियार्थात मावतं. इटालियनने तीच रीत पुढे चालवली. आपल्याकडे हेच काम 'असावा', 'असता', 'आला तर' अशी वेगवेगळी रूपं वाटून घेतात. परक्या साच्यात ती बसवायची म्हणजे आधी नीट ऐकायला हवीत. घरात, बाजारात, कबुलीजबाबाच्या वेळी.

हे पुस्तक त्यांनी छापलेलं पाहिलं नाही. दियोगो रिबेरो यांनी भर घालून ते 1640 मध्ये राशोलला छापून आणलं. भारतीय भाषेचं हे पहिलं छापील व्याकरण मानलं जातं. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला. स्टीफन्स यांचं व्याकरण पुन्हा छापलं गेलं ते थेट 1857 मध्ये, कुन्य रिव्हारा यांच्या हातून.