नाइटिंगेलबाईंची व्यवस्था

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली, लिहिण्याची सवय नाही. तरी मंडळाच्या आग्रहावरून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याविषयी चार शब्द लिहिते.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीत, एका श्रीमंत इंग्रज घराण्यात झाला. त्या काळी रुग्णालयातील चाकरी हलकी समजत. घरच्यांचा विरोध सोसून त्या १८५१ साली जर्मनीत शुश्रूषा शिकल्या. क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या.

रात्री दिवा घेऊन फिरणारी त्यांची मूर्ती आपल्याला ठाऊक आहे. पण मला त्यांची व्यवस्था अधिक मोठी वाटते. त्यांनी घर भाड्याने घेऊन पाणी तापवण्याची सोय केली आणि शिपायांच्या बायकांकडून कपडे धुऊन घेतले. पथ्याचा स्वयंपाक वेगळा केला. डॉक्टरांच्या सांगण्यावाचून परिचारिकेने परस्पर काही करावयाचे नाही, असा नेम घातला. मार्च १८५५ मध्ये सरकारी पथकाने गटारे साफ केल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. नुसत्या मायेने रोगी वाचत नाही, हे त्यांनी पुढे आकडे मांडून सरकारला पटवले.

१८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांची शाळा निघाली. सर्व परिचारिकांवर एक मेट्रन, वॉर्डावर सिस्टर, तिच्या हाताखाली शिकाऊ मुली, अशी उतरंड तेथे होती. कोणते काम कोणाचे, हे ठरलेले असे.

घरी आजाऱ्याची उस्तवार करणाऱ्या बायकांसाठीही त्यांनी पुस्तक लिहिले. आपण जवळ असताना जे होते, ते आपण नसतानाही व्हावे अशी तजवीज करावी, हे त्यातले सांगणे माझ्या मनाला लागले. सासूबाईंच्या दुखण्यात संध्याकाळचे औषध जाऊबाईंनी दिले असेल असे मी धरून चालले, आणि मी दिले असेल असे त्यांनी. रात्री ताप भडकला, तेव्हा चूक उमगली. माया दोघींना होती, पण काम कोणाकडेच नव्हते. दुसऱ्या दिवसापासून उशाशी कागद लावला : वेळ, औषध आणि देणारीचे नाव.

नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. तरी येथील आरोग्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे लेखणी झिजवली. पुण्याच्या सार्वजनिक सभेलाही पत्रे लिहिली. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या निवर्तल्या.

आपणही शेजारच्या आजाऱ्याकडे पाळीपाळीने जातो. निघताना पुढची पाळी कोणाची, एवढे विचारून निघावे, ही विनंती.