अंधाराचा फोटो काढणारा पेंटर

रात्री पंचगंगेच्या घाटावर फोटो काढायचा असेल तर तुम्ही काय करता? मोबाइलमध्ये नाइट मोड लावता, दोन-तीन सेकंद हात स्थिर धरता आणि विषय संपला. नाही जमला तर डिलीट, परत दुसरा. आता कल्पना करा, नाइट मोड नाही, मोबाइल नाही. कॅमेरासुद्धा नाही, तो आधी तुम्हालाच बनवायचाय. आणि त्यात टिपायचंय काय, तर सिंहगडाचा कडा चढणारे मावळे. तेही काळ्याकुट्ट रात्री!

कोल्हापुरातल्या एका माणसानं शंभर वर्षांपूर्वी हा उद्योग अंगावर घेतला होता. त्यांचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. या नावानं सांगितलं तर कुणाला पटकन ओळखू येणार नाही, पण बाबूराव पेंटर म्हटलं की घरातली मोठी माणसं लगेच मान डोलावतील. उचगावहून केएमटीनं शहरात कॉलेजला येत असाल, तर एक दिवस वाट थोडी वाकडी करून खरी कॉर्नरला जा. तिथं कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभा आहे. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती आठवण.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घर कारागिरांचं. शाळेतलं शिक्षण बेताचं, पण हातात कला होती. रंग, लाकूड, माती, धातू, जे हातात येईल त्यातून काहीतरी घडवायचं. नात्यानं भाऊ असलेले आनंदराव पेंटर आणि बाबूराव, ही जोडी नाटकांचे पडदे रंगवायची. तेव्हा संगीत नाटकांचा जमाना होता. पडदा वर गेला की आधी सीनसीनरीला टाळ्या पडायच्या आणि मग गायकाला. या कामात दोघांचं मोठं नाव झालं.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो बघून दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला तो कायमचा. त्यांनी प्रोजेक्टर मिळवला, सिनेमाचे खेळ केले. पण दुसऱ्यांची चित्रं दाखवून या दोघांचं समाधान होणार नव्हतं. स्वतःचा सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा. तो परदेशी, किंमत आवाक्याबाहेरची, त्यात पहिलं महायुद्ध पेटलेलं. मग ठरलं, आपणच बनवायचा!

हे वाचायला सोपं वाटतं. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म सलग धावत नाही. ती एक चौकट पुढं सरकते, क्षणभर थांबते, तेवढ्यात झडप उघडून मिटते, की पुढची चौकट. सेकंदाला साधारण सोळा वेळा, आणि सगळं हातानं दांडा फिरवून. दातेरी चाकात केसाएवढा फरक पडला तरी पडद्यावरचं चित्र थरथरतं. मार्गदर्शन करणारं कुणी नाही, यूट्यूब तर नाहीच नाही.

आणि मधेच घाव बसला. १९१६ मध्ये, कॅमेरा अर्धवट असतानाच आनंदराव गेले.

इथं कुणीही थांबलं असतं. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले या शिष्याला सोबत घेऊन त्यांनी काम चालू ठेवलं आणि १९१८ मध्ये कोल्हापुरात बनलेला कॅमेरा चालू झाला. पैशाचा प्रश्न होताच. त्याला तानीबाई कागलकर या गायिका धावून आल्या. त्यांच्या पैशावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कोल्हापूरच्या सिनेमाचा इतिहास सांगताना या बाईंचं नाव गाळू नका.

कॅमेरा तयार झाला, पण त्याच्यासमोर उभं कोण राहणार? ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम पुरुषानं केलं होतं. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकी उभ्या राहिल्या, तरी सिनेमात काम करणाऱ्या बाईकडं समाज वाईट नजरेनंच बघायचा. बाबूरावांच्या ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी कामं केली. त्यांना लोकांचं काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. आज इन्स्टावर एका मुलीच्या रीलखाली येणाऱ्या कमेंट वाचल्या तरी पुरे.

‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यातला कीचकवध बाबूरावांनी इतका हुबेहूब उतरवला होता, की प्रेक्षकांनी धसका घेतला. खरंच माणूस मारला की काय, असं वाटावं असा. त्यावर आक्षेप आला आणि प्रसंग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिल्याचं सांगतात.

पडदे रंगवणाऱ्या या माणसानं सिनेमात मात्र रंगवलेला पडदा नको म्हटलं. त्याला भिंती, खांब, चौकटी असलेले खरे सेट हवे होते. शूटिंगच्या आधी बाबूराव पात्रांचे पोशाख, हालचाली, सगळं चितारून ठेवायचे. याला पुढं स्टोरीबोर्ड म्हणायला लागले. पोस्टरही ते स्वतः रंगवायचे.

आता येऊ अंधाराकडं. त्या काळची फिल्म फार मंद. भरपूर ऊन असेल तरच चित्र उमटायचं. त्यात तिला लाल रंग दिसायचा नाही. कपाळावरचं लालभडक कुंकू पडद्यावर काळं पडायचं. त्यामुळं रात्रीचे प्रसंग भर दुपारी घ्यायचे आणि नंतर फिल्मला निळा रंग द्यायचा, अशी तेव्हाची सर्रास युक्ती. तानाजी मालुसरे उन्हात गड चढतायत आणि आपण रात्र समजायचं! चित्रकाराच्या डोळ्याला हे पटणारं नव्हतं. १९२३ च्या ‘सिंहगड’साठी बाबूरावांनी कृत्रिम दिवे वापरले. आपल्या सिनेमात असा प्रयोग करणाऱ्या पहिल्यांत त्यांचं नाव घेतात. यातली गंमत लक्षात आली का? अंधार दाखवायचा तर उजेड लागतो. फक्त तो कुठं पाडायचा आणि कुठं नाही, हे कळायला हवं. या सिनेमाला इतकी गर्दी झाली, की ती बघूनच सरकारला करमणूक कर सुचला, असं सांगितलं जातं. व्ही. शांतारामांनी यात शेलारमामा केला होता.

इथवर सगळं जमून आलेलं. देव झाले, राजे झाले, लढाया झाल्या, लोक तिकिटं काढत होते. तेच चालू ठेवलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण १९२५ मध्ये बाबूरावांनी कॅमेरा एका कर्जबाजारी शेतकऱ्याकडं वळवला. सिनेमाचं नाव ‘सावकारी पाश’, कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कागदात शेतकऱ्याची जमीन जाते आणि त्याला गाव सोडून शहरात गिरणी कामगार व्हावं लागतं, एवढीच गोष्ट. शेतकरी झाले होते तरुण शांताराम.

हा विषय सगळ्यांत अवघड होता. दिव्यांनी सुटणारा नव्हता. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याला पन्नास वर्षं झाली होती. तरी पाश सुटला नव्हता. उचगावच्या शिवारापासून पुढं कुठंही जा, त्या काळात ही गोष्ट कुणाला नवी नव्हती. आणि पंचाईत तिथंच होती. जे घरी रोज भोगतोय, ते तिकीट काढून बघायला कोण येणार? त्यात एक प्रसंग होता, अंधुक उजेडातली पडकी झोपडी आणि रडणारं कुत्रं. मूकपट, म्हणजे आवाज नाहीच. तरी बघणाऱ्यांना तो प्रसंग पुढं कित्येक वर्षं विसरता आला नाही.

सिनेमा मात्र चालला नाही. बाबूराव पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडं वळले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम ही त्यांच्याच हाताखाली तयार झालेली माणसं बाहेर पडली आणि त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. १९३१ ला बोलपट आला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी नंतर ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे काही बोलपट केले, पण मन रमलं ते चित्रांत आणि शिल्पांत. १६ जानेवारी १९५४ ला कोल्हापुरातच ते गेले.

‘सावकारी पाश’ची १९२५ ची प्रिंट आज तुम्हाला कुठं बघायला मिळणार नाही. बाबूरावांच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’, ‘सती सावित्री’ अशांचे तुकडे तेवढे उरलेत. ज्या सिनेमानं त्यांना गल्ला दिला नाही, तो फिल्म म्हणूनही टिकला नाही. तरी आपल्या सिनेमानं साध्या माणसाकडं पहिल्यांदा नीट कधी पाहिलं, हा विषय निघाला की आधी त्याचंच नाव घेतात.

तुमच्या खिशातला कॅमेरा अंधारात बघतो, लाल रंगही ओळखतो. तो कुणाकडं वळवायचा, हे मात्र अजून तुम्हालाच ठरवावं लागतं. जे चालतंय तेच काढायचं की जे दिसतंय ते, हा प्रश्न पुढच्या वेळी पडला, तर पस्तिशीतल्या बाबूरावांनी काय केलं होतं ते आठवा.