बापूंचा फोटोग्राफर : कनू गांधी

कानाला टेलिफोन लावलेले गांधीजी, मायक्रोस्कोपमध्ये बघणारे गांधीजी, कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची सेवा करणारे गांधीजी. हे फोटो आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलेत. ते आपल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला काढलेले आहेत. पण काढले कोणी, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. त्यांचं नाव कनू गांधी.

कनूभाईंचा जन्म १९१७ चा. गांधीजींचे चुलत पुतणे नारणदास यांचे ते चिरंजीव. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. पण आई-वडिलांच्या आग्रहामुळे ते ऐन विशीत बापूंच्या कामाला लागले. पत्रव्यवहार बघायचा, हिशेब लिहायचा, असं साधं ऑफिसचं काम. फोटोग्राफीचं वेड त्यांना लावलं विनोबांचे भाऊ शिवाजी भावे यांनी. कनूभाईंनी कॅमेरा मागितला, तर बापूंनी पैसे नाहीत म्हणून सांगितलं. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि रोलिफ्लेक्स कॅमेरा आला.

बापूंनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही आणि आश्रम खर्च देणार नाही. आता बघा, हेच बापू हरिजन फंडासाठी सहीचे पाच रुपये घ्यायचे. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून निघालेल्या हरिजन दौऱ्यात तर लोकांनी दिलेल्या भेटवस्तूंचा ते सभेतच लिलाव करायचे. म्हणजे फंडासाठी लिलाव चालायचा, पण फंडातली एक पैही कॅमेऱ्याला नाही! कनूभाईंनी वर्तमानपत्रांना फोटो विकून फिल्मचा खर्च भागवला.

टेक्निकली हे किती कठीण होतं याचा विचार करा. मातीच्या भिंतींची कुटी, आत खिडकीतून येईल तेवढाच उजेड. त्या काळची फिल्म आजच्या सेन्सरसारखी कमी उजेडात काम करणारी नव्हती. एका रोलमध्ये फक्त बारा फोटो. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागणार आणि समोरचा माणूस तर स्थिर बसणार नाही. त्यामुळे एकच उपाय, वाट बघणे. रोलिफ्लेक्समध्ये वरून मान खाली घालून बघावं लागतं आणि त्याचं शटर अगदी हळू वाजतं. म्हणून त्यांच्या फोटोंत बापू कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, आपलं काम करत असतात.

कधी कधी बापू नाही म्हणायचे. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांनी बापूंच्या मांडीवर प्राण सोडला. कनूभाई तिथे होते, पण फोटो काढायची परवानगी मिळाली नाही. त्यांनी ते ऐकलं. त्याच वर्षी त्यांचं आभाबेनशी लग्न झालं.

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा आभाबेन बापूंच्या शेजारी चालत होत्या. कनूभाई मात्र दूर नोआखालीत, बापूंनीच सोपवलेल्या कामात होते. दहा वर्षं ज्यांनी बापूंना टिपलं, ते शेवटच्या क्षणी तिथे नव्हते.

पुढे दोघं राजकोटजवळ सेवाकार्यात रमले. १९८६ मध्ये तीर्थयात्रेत असताना कनूभाई गेले. त्यांच्या फोटोंचं मोठं पुस्तक निघालं ते २०१५ मध्ये. आता सेवाग्रामला जाल तेव्हा फोटोतल्या बापूंबरोबरच, समोर मान खाली घालून वाट बघणारा तो विशीतला मुलगाही आठवा.