अब्दुल करीम खाँ

अब्दुल करीम खाँ (जन्म : कैराना, ११ नोव्हेंबर १८७२, मृत्यू : सिंगपेरुमाळ कोइल, २७ ऑक्टोबर १९३७) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील किराणा घराण्याचे थोर गायक होते. उत्तर भारतात जन्मलेल्या या गायकाची कर्मभूमी मुख्यतः मिरज, पुणे, मुंबई आणि कर्नाटकाचा उत्तर भाग ही राहिली. त्यांचे गाणे आज केवळ जुन्या ध्वनिमुद्रिकांतून आणि त्यांच्या डिजिटल प्रतींतून ऐकता येते.

बालपण आणि शिक्षण

त्यांचा जन्म आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना या गावी गवयांच्या कुटुंबात झाला. गावाच्या नावावरूनच त्यांच्या घराण्यास किराणा हे नाव मिळाले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांनी गायनाचे धडे घेतले. सारंगी आणि बीन ही वाद्येही ते वाजवीत. स्वर लांबवताना तो किंचितही ढळू न देण्याची सवय त्यांना या तंतुवाद्यांच्या सहवासात लागली, असे अभ्यासक मानतात.

बडोदा ते मिरज

तरुणपणी ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोदा संस्थानात आले व दरबारात गायक म्हणून राहिले. तेथील सरदार माने यांच्या कन्या ताराबाई या त्यांच्याकडे गाणे शिकत होत्या. दोघांनी विवाहाचा निर्णय घेतल्यावर त्यांना बडोदे सोडावे लागले. मुंबईमार्गे हे कुटुंब मिरजेस स्थिरावले. त्या काळी मिरज हे तंबोरे व सतारी बनविणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. तंबोरा अचूक जुळवण्याविषयी कमालीचे आग्रही असलेल्या गायकास हे गाव मानवले यात नवल नाही.

सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांची अपत्ये पुढे नामवंत गायक झाली. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांसह विभक्त झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव न लावता आपली वाट स्वतंत्रपणे आखली. त्यांच्या गळ्यातील किराणा घराण्याची छाप मात्र कायम राहिली.

आर्य संगीत विद्यालय

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालयाची स्थापना केली. घरंदाज विद्या घरातच राखण्याच्या त्या काळात त्यांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना शिकवले. सवाई गंधर्व (रामचंद्र कुंदगोळकर), बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहेरेबुवा आणि रोशनआरा बेगम हे त्यांचे प्रमुख शिष्य होत. कपिलेश्वरी यांनी पुढे आपल्या गुरूंचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले.

श्रुतिविषयक कार्य

सप्तकातील २२ श्रुतींचा शास्त्रीय अभ्यास करणारे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांचे सहकारी, सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांना अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा आधार मिळाला. वाद्यावर गणिताने काढलेले स्वर गवयाच्या गळ्यातील स्वरांशी पडताळून पाहण्याचा हा प्रयत्न होता. या संशोधनाच्या निष्कर्षांबद्दल विद्वानांत मतभेद झाले. तथापि, सूक्ष्म स्वरस्थानांवर त्यांची असलेली पकड सर्वमान्य होती.

गायकी

विलंबित लयीत एकेका स्वराची बढत, लांब मींड, आर्त व मृदू स्वरलगाव ही त्यांच्या गायकीची वैशिष्ट्ये होत. म्हैसूर दरबारात आणि दक्षिणेत त्यांचे वारंवार जाणे असे. तेथील संगीताच्या परिचयातून त्यांच्या गाण्यात सरगमचा वापर वाढला. कर्नाटक पद्धतीच्या रचनाही त्यांनी गायल्या. ठुमरी आणि मराठी नाट्यगीत हे प्रकारही त्यांनी आपल्या शैलीत आत्मसात केले.

ध्वनिमुद्रिका

त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण १९०५ च्या सुमारास झाले. तेव्हा गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. आवाजाच्या दाबाने पडदा हाले आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरी. या पद्धतीत साधारण २,५०० हर्ट्झच्या पलीकडील ध्वनी क्वचितच टिपला जाई. म्हणजे तंबोऱ्याची जवारी आणि आवाजातील वरचे स्वरांश जवळपास गळून पडत. १९२५ नंतर मायक्रोफोन व विद्युत यंत्रणा आली आणि ही मर्यादा बरीच दूर झाली. १९३० नंतरच्या काळात ओडियन कंपनीने काढलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका या सुधारित पद्धतीच्या आहेत. झिंझोटी रागातील ठुमरी, भैरवीतील ठुमरी, खरहरप्रिया रागातील त्यागराजांची कृती आणि ‘मानापमान’ नाटकातील एक पद या त्यांपैकी प्रसिद्ध होत. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मिळत असल्याने, तासभर राग मांडणाऱ्या गायकाचा फक्त सारांश त्यांत उतरला. तरीही झिंझोटीची तबकडी लहानपणी ऐकून भीमसेन जोशी यांनी गुरूच्या शोधात घर सोडले, यावरून तिचे सामर्थ्य ध्यानात येते.

डिजिटल प्रती व मूळ आवाज

या ध्वनिमुद्रिकांच्या डिजिटल प्रती आज घरोघरी ऐकल्या जातात. सीडीमध्ये दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि त्यांतून सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी साठवता येतो. जुन्या तबकडीवरील गाण्यासाठी ही क्षमता पुरेशी आहे. घरगुती ध्वनियंत्रणेत हे नमुने ९६,००० किंवा १,९२,००० पर्यंत वाढवण्याची सोय असते. तिला अपसॅम्पलिंग म्हणतात. यात शेजारच्या नमुन्यांवरून मधले नमुने गणिताने काढले जातात. त्यामुळे अंकांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणाऱ्या यंत्राचा गाळणीचा भाग सोपा होतो आणि काही यंत्रांवर आवाज अधिक स्वच्छ लागू शकतो. मात्र कर्ण्याने १९०५ साली जे टिपलेच नाही, ते अपसॅम्पलिंगने परत येत नाही.

मूळ आवाजाच्या जवळ जायचे तर सुस्थितीतील तबकडी, खाचेला साजेशी सुई आणि योग्य गती यांना अधिक महत्त्व आहे. गती सुमारे ६ टक्क्यांनी चुकली तर गायकाची पट्टी अर्ध्या स्वराने सरकते, लय बदलते आणि आवाजाचा पोतही वेगळा भासतो. परंतु चूक संपूर्ण तबकडीत एकसारखी असेल, तर दोन स्वरांमधील गुणोत्तर अबाधित राहते. म्हणूनच या गायकाच्या श्रुतींचा अभ्यास ध्वनिमुद्रिकांवरून करणे शक्य होते. गती मध्येच डळमळल्यास मात्र हा पुरावा नासतो. खरखर काढण्याचा अतिरेक झाल्यास तिच्याबरोबर आवाजातील बारकावेही पुसले जातात.

निधन

१९३७ साली दक्षिणेच्या दौऱ्यात मद्रासहून पाँडिचेरीस जात असताना त्यांना रेल्वेगाडीत अस्वस्थ वाटू लागले. ते सिंगपेरुमाळ कोइल या लहान स्थानकावर उतरले. अखेरची वेळ ओळखून त्यांनी फलाटावरच तंबोरा जुळवून घेतला, प्रार्थना केली आणि दरबारी रागात ईश्वराचे नाव गात प्राण सोडला, असे सांगितले जाते. त्यांचे दफन मिरज येथे ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या परिसरात करण्यात आले.

वारसा

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत महोत्सव भरतो व त्यात देशभरातील कलावंत हजेरी लावतात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या स्मृतीसाठी १९५३ पासून पुण्यात सुरू झालेला महोत्सवही याच परंपरेचा भाग आहे. गंगूबाई हनगळ, भीमसेन जोशी आणि फिरोज दस्तूर हे सवाई गंधर्वांचे शिष्य. त्यांच्या गायनातून अब्दुल करीम खाँ यांची स्वरप्रधान गायकी पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचली.