हरलेला डाव आणि रिद्धपूरची वाट

पोळा आला की मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत तिर्रटीचे फड बसतात. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या पंचक्रोशीतही हे कुणाला नवे नाही. घरात जपून ठेवलेले बियाणा-खताचे पैसे त्या फडात जातात. कधी बायकोच्या गळ्यातले डोरलेही जाते. पुढे मोबाइल आला आणि फड बारा महिने खिशातच बसू लागला. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायद्याने फड उठतो. पण पुढच्या डावात सगळे भरून निघेल ही मनातली आशा उठत नाही. त्या आशेचे करायचे काय, हा प्रश्न मराठी गद्याच्या आरंभकाळाइतका जुना आहे. मराठीतल्या पहिल्या मोठ्या चरित्रग्रंथाचा नायक एकदा हरलेल्या डावाने घराबाहेर पडला होता.

हा नायक म्हणजे श्रीचक्रधर स्वामी. तेराव्या शतकात गुजरातेत भडोच येथे विशाळदेव नावाचे प्रधान होते. त्यांचा मुलगा हरपाळदेव. घरी ऐश्वर्य, पत्नी कमळाइसा, कशाची ददात नव्हती. या हरपाळदेवाला द्यूताचा नाद लागला. एकदा डाव असा फिरला की मोठे देणे अंगावर आले. प्रधानाचा मुलगा घरी आला आणि त्याने पत्नीकडे तिचे अलंकार मागितले. कमळाइसेने ते दिले नाहीत.

पुढे वडिलांनी देणे फेडले, असे चरित्र सांगते. व्यवहार तिथे मिटला. पण त्या नकाराने हरपाळदेवाचे मन संसारातून उठले ते उठलेच. नागपूरजवळच्या रामटेकला रामाच्या दर्शनाला जातो, असे सांगून त्यांनी घर सोडले. गुजरात आणि यादवांचे वैर असल्याने वडील तयार नव्हते. अखेर सोबत माणसे देऊन त्यांनी मुलाला पाठवले. वाटेत ही माणसे एकेक करून परत धाडली गेली आणि प्रधानपुत्र एकटाच वऱ्हाडात रिद्धपूरला पोहोचला.

रिद्धपूरला गोविंदप्रभू होते. लोक त्यांना वेडे म्हणत आणि त्यांच्यावर जीवही टाकत. बाजारातला खाऊ हातात घेऊन गल्लीतून फिरणाऱ्या या अवलियाने आपल्या हातचा प्रसाद या अनोळखी तरुणाला दिला. तू कोण, किती हरलास, हे विचारले नाही. त्या भेटीने हरपाळदेवाचा चक्रधर झाला. मात्र घडी लगेच बसली नाही. पुढची बारा वर्षे सालबर्डीच्या डोंगरात एकांतात गेली, आणि त्यानंतरही मोठी भटकंती झाली. गोरेगावाहून फार लांब नसलेल्या लोणारलाही ते राहिले होते. तिथे यादव राजा कान्हरदेव भेटीला आला, त्याने द्रव्य देऊ केले, पण स्वामींनी ते स्वीकारले नाही, असे परंपरा सांगते. ज्याने एकदा पत्नीच्या अंगावरचे सोने मागितले, त्याला राजाच्या सोन्याचाही मोह उरला नव्हता.

पुढे पैठणला त्यांनी संन्यास घेतला. स्त्रिया आणि शूद्र यांना जवळ करून ते लोकांच्या मराठीत बोलले आणि इ.स. १२७४ च्या सुमारास उत्तरेकडे निघून गेले. त्यांच्यामागे म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून आठवणी गोळा केल्या. तेच लीळाचरित्र. महानुभावांच्या श्रद्धेने स्वामी परमेश्वराचे अवतार, म्हणून द्यूत हीही लीळाच. तिला आजच्या अर्थाने व्यसन म्हणणे बरोबर होणार नाही. पण त्या श्रद्धावंतांनी हरलेला डाव झाकला नाही, हे महत्त्वाचे आहे. माणसाच्या आयुष्यातले ते पान फाडून टाकावे, असे त्यांना वाटले नाही.

या कथेशेजारी एक परकी कथा ठेवून पाहावी. रशियन कादंबरीकार दस्तयेवस्की जुगारात बुडाला होता. जुगाऱ्यावरची कादंबरी त्याने १८६६ साली सव्वीस दिवसांत सांगून लिहून घेतली. ती उतरवून घेणाऱ्या अॅनाशी पुढच्या वर्षी त्याचे लग्न झाले. अॅनाने दागिने दिले, लग्नाची अंगठीही गहाण पडली. १८७१ मध्ये वीसबाडेनला तो शेवटचे हरला आणि १८८१ साली मरेपर्यंत पुन्हा खेळला नाही. कमळाइसेने दागिने राखले, अॅनाने दिले. तेव्हा सोने देण्या-न देण्यात सगळे रहस्य नाही. दोन्हीकडे समान एवढेच दिसते की डाव सोडल्यावर जायला एक जागा होती, कुणाच्या तरी लेखी तो माणूस संपलेला नव्हता. १९५७ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला दोन जुगारी भेटले आणि एकमेकांच्या आधाराने खेळ सोडणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तीही याच पायावर.

जुगाऱ्याजवळ आशा कमी नसते. उलट ती फार असते, पण सगळी पुढच्या पानावर लावलेली. ती आशा तिथून सोडवून माणसांकडे वळवायची, हे खरे काम. त्यासाठी घरच्यांनी कमळाइसेसारखे ठाम नाही म्हणायला शिकले पाहिजे, कारण बाप दरवेळी देणे फेडू लागला की हरणे स्वस्त होते. आणि गावात एखादे तरी रिद्धपूर लागते, जिथे किती हरलास हे न विचारता हातावर घास ठेवला जातो. बारा वर्षे लागली तरी चालतील, एवढा धीर आपल्यापाशी हवा.

घरोघरच्या कमळाइसांना मात्र आपण अजून दोषच देतो. नवऱ्याच्या अडचणीला दागिना दिला नाही म्हणून बोल लावतो. पुढच्या पोळ्याला एखादी बाई पेटीची किल्ली कमरेला खोचून दारात उभी राहिली, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिच्या बाजूने उभे राहावे.