हजार मुलांचे पालक

मेसमध्ये सलग चार दिवस पालकाची भाजी आली की आपल्याकडे काय होतं हे वेगळं सांगायला नको. ताटं वाजतात, मेस सेक्रेटरी गायब होतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा पालक येतो. पण पालकाविरुद्धचा एक संप इतिहासात यशस्वी झालाय! जामनगरपासून जवळच, समुद्रकाठच्या बालाचडी गावात. संपकरी होती पोलंडची लहान मुलं. आणि मागणी मान्य करणारे होते नवानगर संस्थानचे महाराज, जामसाहेब दिग्विजयसिंहजी. त्यांनी म्हणे स्वयंपाक्याला पालक कायमचा बंद करायला लावला.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८९५ चा. ज्यांच्या नावाने रणजी ट्रॉफी आहे त्या रणजितसिंहजींचे ते पुतणे. शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे इंग्लंडमध्ये. मग सैन्यात नोकरी. १९३३ मध्ये काका वारले आणि ते गादीवर आले. काकांसारखंच क्रिकेटचं वेड, त्यामुळे क्रिकेट बोर्डाचे अध्यक्षही झाले. एवढ्यावर थांबले असते तर ते आज क्विझमधल्या एका प्रश्नापुरते उरले असते.

पण मध्ये दुसरं महायुद्ध आलं. १९३९ मध्ये जर्मनी आणि रशियाने पोलंड वाटून घेतला. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना रशियाने घराबाहेर काढून सायबेरिया, कझाकस्तानकडे धाडलं. थंडी, उपासमार आणि रोगराईत कितीतरी मुलांचे आईबाप गेले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा या लोकांना बाहेर पडायची वाट मिळाली. पण लहान मुलांनी जायचं कुठे? युद्धाच्या काळात जामसाहेब ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळात हिंदुस्थानचे प्रतिनिधीही होते. त्यांनी आपल्या संस्थानात मुलांना जागा देऊ केली.

मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये एक जहाज असतं, ते बंदरोबंदरी फिरतं आणि सगळे त्याला हाकलतात. वाचायला छान आहे, पण पहिली मुलं आली ती खुष्कीच्या मार्गाने! अश्काबादहून इराणमार्गे क्वेट्ट्यापर्यंत ट्रकने, पुढे रेल्वेने. एप्रिल १९४२ मध्ये ती मुंबईला पोचली आणि बालाचडीचा कॅम्प बांधून होईपर्यंत वांद्र्याला राहिली. नंतर तुकड्या येत राहिल्या. एकूण आकडा हजाराच्या आसपास सांगितला जातो.

जामसाहेबांनी मुलांना सांगितलं की तुम्ही स्वतःला अनाथ समजू नका, मी सगळ्या नवानगरवासीयांचा बापू, म्हणजे तुमचाही बापू. असं भाषण कुणीही करेल हो! मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी त्या मुलांसाठी काय उभं राहू दिलं ते. कॅम्पमध्ये शाळा होती, पण ती पोलिश भाषेत शिकवणारी. शिक्षक निर्वासितांमधलेच. पोलिश पुस्तकांचं वाचनालय, चर्च, स्काउट पथक, नाटकं, फुटबॉल, सगळं होतं. महाराज स्वतः मुलांची नाटकं बघायला यायचे. ते स्वतः हिंदू, पण मुलांच्या ख्रिसमसमध्येही सामील व्हायचे.

इथे थोडं स्वतःबद्दल. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीतही मराठी बोललं की दंड असायचा. चौथीत एक मुलगी वर्षाच्या मध्येच आमच्या वर्गात आली. गावाकडची घरं धरणात गेली म्हणून शहरात आलेली. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मराठी बोलायची चोरी, म्हणून ती गप्पच बसायची. आम्ही तिला मुकी म्हणायचो. वर्ष संपायच्या आत ती शाळा सोडून गेली. बालाचडीबद्दल वाचताना मला सारखी तीच आठवत होती. घर गेलेल्या मुलाकडे शेवटी भाषाच उरलेली असते. शाळेने तीही काढून घेतली तर मग राहिलं काय?

१९४६ मध्ये बालाचडीचा कॅम्प बंद झाला. उरलेली मुलं आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पमध्ये आली. तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. १९४८ पर्यंत तेही पांगले, कुणी इंग्लंड, कुणी ऑस्ट्रेलिया, कुणी परत पोलंड. रिकाम्या झालेल्या त्याच वळिवड्यात मग फाळणीमुळे घर सुटलेली सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते हेच. आपल्यापैकी किती जण तिथे कपडे घ्यायला जातात, पण हे माहीत नसतं!

जामसाहेबांनी पुढे संस्थान विलीन केलं. सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले. ३ फेब्रुवारी १९६६ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. पोलंडमध्ये तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती, त्यामुळे रशियाने हद्दपार केलेल्या या मुलांचा विषय काढणंच अवघड होतं. ती राजवट गेल्यावर वॉर्सामधल्या बेडनार्स्का नावाच्या शाळेने जामसाहेबांना आपलं मानद आश्रयदाता केलं. पुढे शहरातल्या एका चौकाला 'भल्या महाराजांचा चौक' हे नाव मिळालं आणि बालाचडीची मुलं म्हातारपणी तिथे जमू लागली.

मला चौकापेक्षा ती शाळा मोठी वाटते. कारण तिने नुसतं नाव घेतलं नाही, निर्वासितांच्या मुलांना वर्गात घेतलं. २०२२ मध्ये युक्रेनमधून लाखो लोक पोलंडमध्ये आले, तेव्हा तिथल्या कितीतरी शाळांना हेच करावं लागलं. युक्रेनमध्ये मेडिकल शिकणारी आपली अनेक मुलंही त्याच सीमेवरून बाहेर पडली.

आपल्या हातात संस्थान नाही. पण दर जुलैला होस्टेलला कुणीतरी असं येतं की ज्याची भाषा आपल्याला कळत नाही आणि ज्याच्या गावाची बातमी पेपरात वाईट कारणाने आलेली असते. मेसमध्ये तो कोपऱ्यात एकटा जेवतो. त्याच्या टेबलावर ताट घेऊन जायला कुणाची परवानगी लागत नाही. हवं तर सुरुवात पालकाला शिव्या घालून करा. तेवढी भाषा सगळ्यांना कळते!