स्वजनांत परका ठरलेला कवि

चित्पावन कुळांतील नारायण वामन टिळक १८९५ सालीं मुंबईस ख्रिस्ती झाले, आणि आप्तांनीं त्यांस परके ठरविलें. पत्नी लक्ष्मीबाईही कांहीं वर्षें दुरावल्या. इकडे ख्रिस्ती मंदिरांत बहुधा विलायती चाली! दोहोंकडे उपरेपण वांट्यास येऊनही ते कडवट झाले नाहींत. ख्रिस्तास गुरु मानून त्याची भक्ति त्यांनीं अभंगांत व कीर्तनांत आणिली. १९१७ सालीं मिशनचा पगार सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या सर्वांस खुला असा ‘देवाचा दरबार’ त्यांनीं मांडिला. १९१९ सालीं ते निवर्तले. धर्म पालटल्यानें देश पालटत नाहीं, हें त्यांनीं आचरणानें दाखविलें. ज्यानें आमची भाषा सोडिली नाहीं, त्यास आम्हीं कां सोडावें?